पडद्यावर गुन्हेगार, पडद्याआड मृत

‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पाटी पडद्यावर झळकली की प्रेक्षक सावरून बसतो. आता जे दिसणार ते कोणा लेखकाच्या कल्पनेतले नाही, कोणाच्या तरी आयुष्यात खरोखरच घडून गेलेले आहे, ही जाणीव मनाची पकड घेते. आज घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांवर आणि तरुणांच्या हातातील भ्रमणध्वनींवर गुन्हेगारीच्या सत्यकथांचा पूर लोटला आहे. जेवणाच्या ताटावर बसून खुनाचा तपास पाहणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. परंतु ती पाटी लावण्याचा अधिकार निर्मात्याला कशामुळे प्राप्त होतो? कोणाच्या सांगण्यावरून ही कथा रचली जाते? कोणाची नावे घेतली जातात आणि कोणाची गाळली जातात? पडद्यामागच्या या व्यवहाराची चौकशी आपण सहसा करीत नाही.

ही चौकशी करायची तर त्यासाठी मुंबईचाच एक चित्रपट घ्यावा, हे उचित ठरेल. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेवर अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्लॅक फ्रायडे’ २००४ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोकार्नो महोत्सवात दाखवलाही गेला. परंतु ज्या शहराची ती कहाणी होती, त्या शहरातील चित्रपटगृहांत तो पोहोचायला ९ फेब्रुवारी २००७ हा दिवस उजाडावा लागला. या चित्रपटाची जडणघडण आणि त्याला करावी लागलेली प्रतीक्षा, दोन्ही गोष्टी बोधप्रद आहेत.

मालिका ठरली, चित्रपट झाला

चित्रपटाचा आधार आहे तो गुन्हे पत्रकार एस. हुसेन झैदी यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या पुस्तकाचा. पोलिसांच्या कागदपत्रांचा, आरोपींच्या जबाबांचा आणि प्रत्यक्ष मुलाखतींचा ढीग उपसून त्यांनी हा कट उलगडून दाखवला. या स्फोटांची चर्चा करताना एखाद्या संपूर्ण समाजालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई ज्यांना होते, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की या कटाची सर्वाधिक वाचली गेलेली चिकित्सा एका मुसलमान पत्रकाराच्या लेखणीतून उतरली आहे.

मुळात या पुस्तकावर दूरचित्रवाणीसाठी मालिका करण्याचा बेत होता. लेखनास प्रारंभ झाल्यावर या विषयाला एकसंध चित्रपटाचीच चौकट हवी, असे कश्यप यांना जाणवले आणि मालिकेचा चित्रपट झाला. तरीही मूळ आराखड्याची खूण राहिली. चित्रपट प्रकरणांत विभागलेला आहे, प्रत्येक प्रकरणाला शीर्षक आहे आणि घटनांचा क्रम सरळ नाही. प्रारंभ स्फोटांपासूनही होत नाही, त्याआधी तीन दिवस, ९ मार्च १९९३ ला होतो. पोलिसांच्या हाती लागलेला एक किरकोळ गुन्हेगार शहरात मोठे स्फोट घडवण्याचा कट शिजत असल्याचे सांगतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हा प्रसंग पटकथाकाराने रंगवलेला नाही, तो खरोखर घडला होता. चित्रपटाचे पहिले पान यंत्रणेच्या बेफिकिरीपासून उघडावे, हा दिग्दर्शकाचा निर्णय धाडसी होता.

नटांची निवडही अशीच विचारपूर्वक झालेली दिसते. मोठ्या ताऱ्याचा चेहरा समोर आला, की प्रेक्षक त्या ताऱ्यालाच पाहतो आणि सत्यघटनेचा भास विरून जातो. म्हणून तपास अधिकारी राकेश मारिया यांच्या भूमिकेत के के मेनन आले, तर ‘नुक्कड’ मालिकेमुळे परिचित झालेले पवन मल्होत्रा टायगर मेमन झाले. ‘सीआयडी’ मालिकेत वर्षानुवर्षे गुन्हेगारांचा माग काढणारे आदित्य श्रीवास्तव येथे स्वतःच पोलिसांपासून पळत फिरतात. नवाजुद्दीन सिद्दिकी हे नाव तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. याकूब मेमनच्या छोट्या भूमिकेतील इम्तियाज अली पुढे दिग्दर्शक म्हणून नावारूपास आले. मराठी रसिकांना ‘सौमित्र’ या नावाने ठाऊक असलेले कवी किशोर कदम पोलीस निरीक्षक झाले आहेत. हे चेहरे रस्त्यावरच्या गर्दीत मिसळून जाणारे होते आणि नेमके तेच हवे होते.

दहा वर्षांत बदललेले शहर

छायाचित्रण झाले ते मुंबईच्या खऱ्याखुऱ्या वस्त्यांत, गल्ल्यांत आणि रस्त्यांवर. अनेक ठिकाणी कॅमेरा लपवून ठेवण्यात आला, जेणेकरून येणारे-जाणारे थबकून पाहणार नाहीत आणि गर्दी ही गर्दीसारखीच वागेल. वरवर पाहता हे सोपे वाटते. परंतु १९९३ ची मुंबई २००३ च्या सुमारास शोधणे हे काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करून पाहावी. मधल्या दहा वर्षांत शहराचे अधिकृत नावच बदलले होते. १९९५ पूर्वीच्या पाट्यांवर ‘बॉम्बे’ असायचे. भ्रमणध्वनी आपल्या देशात आले तेही १९९५ मध्येच. त्यामुळे कटातील माणसे एकमेकांशी बोलणार ती घरच्या दूरध्वनीवरून किंवा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिलेले उड्डाणपूल चौकटीत शिरून चालणार नव्हते. जुने शहर नव्या शहराच्या पोटातून असे उकरून काढावे लागते. प्रेक्षकाला हे श्रम जाणवले नाहीत, तरच ते सार्थकी लागतात.

या चित्रपटातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग म्हणजे धारावीच्या बोळांतून झालेला पाठलाग. एक संशयित पळतो आणि पोलीस त्याच्यामागे धावतात. नेहमीच्या हिंदी चित्रपटात अशा वेळी नायक छपरावरून छपरावर झेप घेतो. येथे पळणाराही दमतो आणि पोलीसही दमतात. धाप लागते, पाय घसरतात, थांबावे लागते. अखेरीस कोणाच्याच अंगात त्राण उरत नाही आणि त्या अवस्थेतच अटक होते. पोलिसांच्या नोकरीतील रोजचे, वैभवहीन कष्ट या एका प्रसंगातून जितके कळतात, तितके भाषणांतून कळत नाहीत. ‘स्लमडॉग मिलेनियर’चे दिग्दर्शक डॅनी बॉयल यांनी आपल्या चित्रपटातील झोपडपट्टीच्या पाठलागामागे या प्रसंगाची प्रेरणा असल्याचे मान्य केले आहे.

चौकशीच्या कोठडीतील दृश्ये छायाचित्रकार नटराजन सुब्रमण्यम यांनी लाल प्रकाशात बुडवून काढली आहेत. त्या लालीत मारणारा आणि मार खाणारा, दोघांचेही चेहरे एकाच रंगाचे होतात. पोलिसांचे शौर्य दाखवणारा चित्रपट कोठडीतील अत्याचारांवर पांघरूण घालू शकला असता. तसे घडलेले नाही. पत्रकार मारियांना मानवाधिकारांविषयी प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांचे ओझे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचे संगीत आणि पीयूष मिश्रा यांचे शब्दही हिंसेचा जल्लोष करीत नाहीत, शोक करतात.

कबुलीजबाबांची पटकथा

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे वळू. चित्रपटातील बहुतेक सर्व पात्रे आपापल्या खऱ्या नावांनी वावरतात. भारतीय चित्रपटसृष्टीत असे धाडस दुर्मीळ आहे. दाऊद इब्राहिम, टायगर मेमन, याकूब मेमन, राकेश मारिया अशी नावे घेतली जातात. परंतु ज्याच्या पाठोपाठ कॅमेरा सर्वाधिक वेळ हिंडतो, त्या बादशाह खानचे नाव मात्र खरे नाही. तो प्रत्यक्षातील एक आरोपी होता, पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि म्हणून पुस्तकात व चित्रपटात त्याची ओळख झाकली गेली. स्फोटांनंतर तो उत्तर भारतात गावोगाव लपत फिरतो, पैसे संपत जातात, वरचे म्होरके टाळाटाळ करू लागतात आणि आपण वापरले गेलो हे त्याला हळूहळू उमगते. त्याची तगमग आपल्याला कळते, किंबहुना त्याची कीवही येते.

असे का होते? दिग्दर्शकाला गुन्हेगाराविषयी ममत्व होते म्हणून? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. उत्तर सामग्रीत दडलेले आहे. गुन्ह्याची सत्यकथा लिहावयास बसलेल्या माणसाच्या टेबलावर काय असते? आरोपपत्र असते, पंचनामे असतात, तपास अधिकाऱ्याच्या आठवणी असतात आणि सर्वांत तपशीलवार असे कबुलीजबाब असतात. टाडा कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात असे. त्यामुळे या खटल्यात असे जबाब विपुल होते. शपथ कोठे घेतली, प्रशिक्षणासाठी कोणत्या मार्गाने गेलो, शेखाडीच्या किनाऱ्यावर माल कसा उतरला, गाड्यांत स्फोटके कोणी भरली, हे सारे त्यांत तपशिलाने येते. पटकथाकाराला याहून अधिक काय हवे?

आणि मृतांकडून त्याला काय मिळते? शवविच्छेदनाचा अहवाल आणि यादीतील एक क्रमांक. मेलेला माणूस जबाब देत नाही. त्या शुक्रवारी सकाळी तो घरातून काय सांगून निघाला, संध्याकाळी काय घेऊन येणार होता, हे कोणत्याही आरोपपत्रात लिहिलेले नसते. मुंबईत त्या दुपारी १२ ठिकाणी स्फोट झाले. २५७ माणसे ठार झाली, ७१३ जखमी झाली. एकट्या वरळीच्या सेंच्युरी बाजारजवळ ११३ बळी गेले, तर शेअर बाजाराच्या इमारतीत ८४. दादरच्या प्लाझा चित्रपटगृहात १० जणांचे प्राण गेले. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जेथे चित्रपट पाहावयास जातो, ते चित्रपटगृहच या कटाचे लक्ष्य झाले होते. परंतु ‘ब्लॅक फ्रायडे’ पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला या २५७ पैकी एकाचे तरी नाव सांगता येईल का? टायगर मेमन कसा बोलतो, कसा चिडतो, हे मात्र त्याच्या कायमचे लक्षात राहते.

गुन्हेगारीच्या सत्यकथेतील हा दोष दिग्दर्शकाच्या हेतूतून आलेला नसतो, म्हणूनच तो पटकन ध्यानात येत नाही. प्रामाणिकपणे, कागदपत्रांना धरून केलेला चित्रपटही गुन्हेगाराच्या बाजूला झुकतो, कारण कागदपत्रेच त्याच्या तोंडची असतात. हा झुकाव सावरायचा तर निर्मात्याला मुद्दाम उलट्या दिशेने जोर लावावा लागतो. मृतांच्या घरी जावे लागते. संमती मागावी लागते, नकार मिळाला तर तो स्वीकारावा लागतो.

पुण्याचा अनुभव

हे केवळ एका चित्रपटाचे प्रकरण नाही. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्या पुणेकरांना दिवेलागणीनंतर लागणाऱ्या कड्या-कुलुपांची वेगळी कहाणी सांगण्याची गरज नाही. चित्रकला शिकणाऱ्या काही तरुणांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे बळी घेतले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढे १९८६ साली राजदत्त यांच्या दिग्दर्शनाखाली या प्रकरणावर मराठी चित्रपट आला आणि नाना पाटेकर यांनी त्यातील म्होरक्या साकारला. त्या चित्रपटाचे नाव होते ‘माफीचा साक्षीदार’! म्हणजे येथेही कथेचा दरवाजा उघडला गेला तो माफी मिळालेल्या गुन्हेगाराच्या हातून.

या हत्याकांडात भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात मारले गेलेले वयोवृद्ध काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते? संस्कृत व्याकरणातील पारिभाषिक शब्दांचा कोश सिद्ध करणारे ते विद्वान होते. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९६१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हा कोश आजही जगभरचे अभ्यासक चाळतात. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलींचे महाभाष्य मराठीत आणले. असे हे घराणे. आज महाराष्ट्रात दहा सुशिक्षितांना विचारावे. जक्कल हे नाव बहुतेकांना ठाऊक असेल. अभ्यंकरशास्त्र्यांचा कोश किती जणांना ठाऊक असेल? ज्या समाजाला मारेकऱ्याचे आडनाव तोंडपाठ आहे आणि मारल्या गेलेल्या पंडिताचे कार्य अज्ञात आहे, त्या समाजाच्या स्मरणशक्तीत काही तरी बिघडले आहे, हे मान्य केले पाहिजे. गुन्ह्यावरच्या चित्रपटांनी आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांनीही, म्हणजे आम्हा पत्रकारांच्या व्यवसायानेही, त्या बिघाडात भर घातली आहे.

स्थगिती योग्य, विलंब अक्षम्य

पुण्याच्या चित्रपटाला एक गोष्ट अनुकूल होती. त्याच्या प्रदर्शनापूर्वी न्यायालयाचे शेवटचे पान लिहून झाले होते. ‘ब्लॅक फ्रायडे’चे तसे नव्हते. २८ जानेवारी २००५ ही प्रदर्शनाची तारीख ठरली होती. खटल्यातील आरोपींच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेण्यात आली. निकाल लागण्यापूर्वी चित्रपटात आम्हाला दोषी दाखवले जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने स्थगिती दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण टाडा न्यायालयाचा निकाल येईपर्यंत चित्रपट डब्यातच राहिला. त्या काळात चोरून काढलेल्या त्याच्या तबकड्या सर्वत्र फिरत होत्या, हा भाग वेगळा.

तेव्हा संतापाचा सूर उमटला होता. २५७ निरपराधांच्या हत्येचे आरोपी अभिव्यक्तिस्वातंत्र्याला टाळे ठोकतात, हे काय चालले आहे? हा संताप समजण्यासारखा असला, तरी शांतपणे विचार केल्यास स्थगितीचा निर्णय योग्यच होता, असे म्हणावे लागते. ज्या कबुलीजबाबांवर चित्रपट उभा होता, तेच जबाब स्वीकारायचे की फेटाळायचे, याचा निवाडा न्यायाधीशांना अद्याप द्यायचा होता. आपल्याकडे ज्यूरी नाही, न्यायाधीश चित्रपट पाहून बहकत नाहीत, असा प्रतिवाद केला जातो. परंतु साक्षीदार समाजातच राहतात आणि आरोपीची मुलेबाळेही समाजातच राहतात. पुढे न्या. प्र. द. कोदे यांनी १२ सप्टेंबर २००६ पासून निकाल देण्यास प्रारंभ केला, तेव्हा १२३ पैकी १०० जण दोषी ठरले आणि २३ जण सुटले. त्या २३ जणांपैकी कोणी चित्रपटात होता की नव्हता, हा प्रश्न गौण आहे. निकालाआधी कोण १०० मधला आणि कोण २३ मधला, हे कॅमेऱ्याला कळत नाही, हा खरा मुद्दा. ज्याचा आपल्याला मनस्वी संताप येतो, त्या आरोपीलाही निःपक्ष खटल्याचा हक्क देणे, यातच सुसंस्कृत राष्ट्राची आणि बॉम्ब पेरणाऱ्या टोळीची ओळख वेगळी होते.

मग दोष कोणाचा? दोष विलंबाचा. मार्च १९९३ मध्ये गुन्हा घडतो, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आरोपपत्र दाखल होते आणि निकाल सुरू होतो साडेतेरा वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निवाडा येतो २१ मार्च २०१३ ला, म्हणजे २० वर्षांनी. याकूब मेमनला नागपूरच्या कारागृहात फाशी होते ३० जुलै २०१५ ला. टायगर मेमन आणि दाऊद इब्राहिम यांना तर आजतागायत न्यायालयापुढे उभे करता आलेले नाही. न्यायालये वेळेवर बोलली असती, तर चित्रपटाला थांबावे लागले नसते आणि मृतांच्या कुटुंबीयांनाही नाही. निर्मात्यांची दोन वर्षे गेली, याची चर्चा खूप झाली. त्या २५७ घरांची किती वर्षे गेली, याचा हिशेब कोणी मांडला?

कायद्याने निर्मात्याला पुष्कळ मोकळीक दिली आहे. ‘ऑटो शंकर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले, की न्यायालयीन अभिलेखासारख्या सार्वजनिक कागदपत्रांच्या आधारे संबंधिताच्या संमतीविना लेखन करता येते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीसारख्या व्यक्तींची ओळख मात्र उघड करता येत नाही. कायद्याची मर्यादा येथे संपते. विवेकाची मर्यादा त्यापुढे सुरू होते आणि ती पाळायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

शेवटच्या प्रकरणाचा वाद

‘ब्लॅक फ्रायडे’चे अखेरचे प्रकरण डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींकडे वळते. स्फोटांची कथा सांगून झाल्यावर सर्वांत शेवटी दंगल दाखवणे म्हणजे स्फोटांना कारण पुरवणे नव्हे काय, असा आक्षेप अनेकांनी घेतला आणि तो अगदीच अनाठायी नाही. शेवटी दिसलेले दृश्य प्रेक्षकाच्या मनात सर्वाधिक काळ रेंगाळते, हे कोणत्याही संकलकाला ठाऊक असते.

परंतु कारणाचा शोध आणि कृत्याचे समर्थन यांत अंतर आहे. त्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली, असे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नमूद आहे. त्यांत मुसलमान अधिक होते, हिंदूही होते. त्या प्रत्येकाच्या घरचे दुःख तितकेच खरे आणि न्यायावरचा त्यांचा हक्कही तितकाच खरा. ते दुःख कोणी नाकारू नये. त्या दुःखाचे भांडवल करून परदेशात सुरक्षित बसलेल्यांनी येथील तरुणांच्या हाती स्फोटके दिली, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सेंच्युरी बाजारपाशी त्या क्षणी असलेल्या माणसांनी कोणाचे घर जाळले होते? स्फोटात कोण कोणत्या धर्माचा, याची विचारपूस बॉम्बने केली नाही. चित्रपटातील मारिया बादशाह खानला हेच सुनावतात, की ज्यांच्यासाठी तू हे केलेस ते तुला वाऱ्यावर सोडून निघून गेले. धर्माच्या नावाने तरुणांना कोणी चिथावू लागले, तर चिथावणारा स्वतः कोठे बसला आहे ते आधी पाहावे. हा धडा कोणत्याही एका समाजापुरता नाही.

न दाखवण्याचा निर्णय

गुन्ह्याची कथा वेगळ्या रीतीने सांगता येते का? येते. २०१२ च्या दिल्लीतील निर्घृण अत्याचार प्रकरणावर रिची मेहता यांनी केलेली ‘दिल्ली क्राइम’ ही मालिका २०१९ मध्ये आली. तिच्यात प्रत्यक्ष अत्याचाराचे दृश्य दाखवलेलेच नाही. प्रेक्षकाला दिसतात ते त्यानंतरचे दिवस, झोप हरवलेले पोलीस, अपुरी साधने आणि कोलमडलेले आई-वडील. तरीही गुन्ह्याची भीषणता यत्किंचितही उणावत नाही. या मालिकेला २०२० साली आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. न दाखवण्याचा निर्णयही पडद्यामागेच घ्यावा लागतो आणि तो दाखवण्याच्या निर्णयाहून कठीण असतो.

याच्या अगदी उलट टोकाला २०१८ चा ‘संजू’ आहे. संजय दत्त यांच्यावरील कटाचा आरोप टाडा न्यायालयात टिकला नाही, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. परंतु बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २०१३ साली पाच वर्षांच्या शिक्षेस पात्र ठरवले, हेही तितकेच खरे. त्या जीवनपटावर प्रेक्षकांनी कोट्यवधी रुपये उधळले, नायकाच्या व्यथेने चित्रपटगृहे हळहळली. त्याच १२ मार्चच्या मृतांवर, त्यांच्या मागे राहिलेल्या विधवांवर आणि पोरक्या मुलांवर एवढ्या तोलामोलाचा चित्रपट कोणाला सुचला नाही. प्रेक्षक म्हणून आपणही तो कधी मागितला नाही.

मागणी प्रेक्षकांनी करायची

येथे जबाबदारी निर्मात्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बाजारात जे खपते ते बनते. आपण मारेकऱ्याचे बालपण, त्याच्या लकबी, त्याचे संवाद चवीने पाहिले, तर पुढचा चित्रपट आणखी एका मारेकऱ्यावर येईल. घरातील मुले अशा मालिका पाहतात म्हणून केवळ त्रागा करून किंवा संच बंद करूनही भागणार नाही. आजच्या काळात ते शक्यही नाही. मुलांबरोबर बसावे, पाहावे आणि संपल्यावर विचारावे. ही कथा कोणाच्या तोंडून सांगितली गेली? जो मेला त्याच्याविषयी आपल्याला काय कळले? न्यायालयाचा निकाल लागला होता का? पोलिसांनी जे केले ते सारेच योग्य होते का? पंधरा वर्षांच्या मुलालाही हे प्रश्न समजतात आणि एकदा समजले, की ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी तो अधिक सावधपणे वाचू लागतो.

आणि ज्यांच्या हाती लेखणी वा कॅमेरा आहे, अशा आपल्या तरुणांनीही या दिशेने पाहावे. मुंबईतील त्या २५७ जणांची कुटुंबे अजून आहेत. आई-वडील थकले, अनेक जण गेलेही असतील, मुले चाळिशीत आली असतील. त्यांच्याकडे जाऊन, त्यांची इच्छा असेल तर, त्यांच्या माणसाविषयी ऐकून घेण्यास मोठे भांडवल लागत नाही. तो काय काम करीत असे, कोणत्या गाडीने जात असे, त्याला काय खायला आवडे, एवढे जरी नोंदवले गेले, तरी पुढच्या पटकथाकाराच्या टेबलावर कबुलीजबाबांच्या शेजारी दुसराही एक कागद असेल. आरोपींचे जबाब सरकारने जपून ठेवले आहेत. मृतांची आठवण जपण्याचे काम समाजाचे आहे आणि ते हाती घेण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत.